भरंवशाचें काडतूस

शितावरून भाताची परीक्षा करावी, अशी मराठींत म्हण आहे. चुलीवरच्या पातेल्यांतील एक शीत बोटांनीं चेपून पाहिलें कीं सगळा भात शिजला किंवा नाहीं हें गृहिणीला कळतें. आणि चेपलेलें शीत वायां गेलें तरी बाकीचा भात पानांत वाढावयास शिल्लक राहतोच. काडतुसाची गोष्ट याहून थोडी निराळी आहे. जें काडतूस उडवून पाहिलें तें निर्दोष होतें हें नक्की समजतें, परंतु समजतें त्या क्षणींच तें संपलेलें असतें. आणि जें प्रसंगासाठीं राखून ठेवलेलें असतें त्याची परीक्षा कोणींच घेतलेली नसते. वर्गांतील जो विद्यार्थी परीक्षेला बसला तो उत्तीर्ण होतांच नाहींसा व्हावा, आणि नोकरीवर मात्र न बसलेल्यांपैकींच एकाला घ्यावें लागावें, असा हा विलक्षण प्रकार आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रश्न केवळ सैन्याचा किंवा पोलिसांचा नाहीं. तेथील राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीनें शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगितलेला असून, स्वसंरक्षणार्थ घरांत पिस्तूल ठेवणें हा व्यक्तीचा हक्क होय, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं दिला. ही रूढि चांगली कीं वाईट याची चर्चा त्या देशांत अखंड चाललेली असते; तिच्यांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. पिस्तूल उशाजवळच्या खणांत वर्षानुवर्षें पडून राहतें आणि बहुतेकांस तें कधींच हातीं घ्यावें लागत नाहीं, ही मोठी सुदैवाची गोष्ट आहे. पण एकाद्यावर तशी वेळ आली, आणि चाप ओढल्यावर नुसतें ‘टक्’ एवढेंच वाजलें तर? भरंवशाच्या म्हशीला टोणगा झाला तर शेतकऱ्याचें एका वर्षाचें नुकसान होतें. येथें नुकसानीचा हिशेब करावयास मागें कोणी राहीलच असें नाहीं.

काडतूस दिसावयास साधें, पण त्याच्या पोटांत एका पाठोपाठ घडणाऱ्या क्रियांची एक सांखळीच असते. पितळेची एक लहानशी नळकांडी. तिच्या तोंडांत घट्ट बसविलेली गोळी. पोटांत धूर न करणारी दारू. आणि बुडाशीं मध्यभागीं एक चिमुकली टोपी. या टोपीच्या वाटींत आघातानें पेटणाऱ्या मिश्रणाचा एक कण असतो. पूर्वीं त्यांत पाऱ्यापासून केलेलें स्फोटक वापरीत. हल्लीं बहुधा शिशाचें एक संयुग वापरतात. वाटींत मिश्रणाला लागून धातूची इवलीशी ऐरण बसविलेली असते. पिस्तुलाची खीळ टोपीवर आदळली कीं मिश्रण वाटी व ऐरण यांमध्यें चेंगरतें, ठिणगी उडते, बुडाच्या छिद्रांतून ती दारूंत शिरते, आणि दारूच्या वायूचा दाब गोळीला पुढें ढकलतो. नऊ मिलिमीटरच्या नेहमींच्या काडतुसांत हा दाब दर चौरस इंचास ३५,००० पौंडांपर्यंत असूं शकतो. हें सर्व डोळ्याचें पातें लवावयाच्या आंत होऊन जातें.

यांपैकीं कोणताहि दुवा तुटूं शकतो. टोपींतील मिश्रण कारखान्यांत ओलें असतांनाच भरतात, कारण कोरडें असतांना तें हाताळणें धोक्याचें. तें भरावयाचें राहून गेलें, किंवा ऐरण तिरपी बसली, तर आघात होऊनहि ठिणगी पडत नाहीं. हा झाला निव्वळ फुसका बार. कधीं ठिणगी पडते पण दारू उशिरा पेट घेते. चाप ओढल्यानंतर क्षणभर शांतता, आणि मग एकाएकीं बार. म्हणून बार न झाल्यास पिस्तुलाचें तोंड निशाणाकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबावें, असा नेमबाजीच्या मैदानावर दंडक असतो. सर्वांत घातक प्रकार तिसरा. दारू भरलेलीच नाहीं, किंवा भिजली आहे; तेव्हां एकट्या टोपीच्या जोरानें गोळी निघते आणि नळींत अर्ध्या वाटेवर अडकून बसते. आवाज बारीक येतो. गडबडींत तो लक्षांत आला नाहीं आणि दुसरा बार काढला, तर नळीच फुटते. दिवाळींत न वाजलेल्या फटाक्यावर ओणवून पाहणाऱ्या मुलाला वडील माणसें दटावतात त्याचें कारण, आणि नेमबाजीच्या उस्तादानें शिष्याला बारीक आवाज होतांच थांबावयास लावण्याचें कारण, एकच आहे.

रिव्हॉल्व्हरमध्यें एक काडतूस फुसकें निघालें तरी चाप पुन्हां ओढला कीं फिरतें चाक पुढचें काडतूस समोर आणतें. स्वयंचलित पिस्तुलाचें तसें नाहीं. तेथें एका बाराच्या धक्क्यानेंच पुढच्या बाराची तयारी होत असते. वरचा भाग मागें सरकतो, आंकडा रिकामी नळकांडी ओढून बाहेर फेंकतो, स्प्रिंग तो भाग पुढें ढकलते, आणि मुठींतील पेटींतून वर आलेलें नवें काडतूस एका उतरणीवरून घसरत नळीच्या मागच्या कोठ्यांत जाऊन बसतें. म्हणजे येथें काडतुसाला केवळ उडावयाचें नसतें. त्याला नीट वर यावयाचें असतें, नीट आंत शिरावयाचें असतें, आणि जातांना आपल्या मागून येणाऱ्याला वाट करून द्यावयाची असते. त्यामुळें ‘हें काडतूस भरंवशाचें आहे काय?’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. ‘या पिस्तुलांत, या पेटींतून, या हातांतून तें भरंवशाचें आहे काय?’ असा तो विचारावयास हवा. हात शेवटीं सांगितला तरी तो कमी महत्त्वाचा नव्हे. मनगट ढिलें राहिलें तर पिस्तुलाचा वरचा भाग पुरेसा मागें जात नाहीं आणि यंत्र अडतें. नवऱ्याच्या हातांत बिनचूक चालणारें पिस्तूल बायकोच्या हातांत अडूं शकतें, किंवा उलटहि.

या जोडीची परीक्षा कशी घ्यावी, याचा एक जुना नमुना प्रसिद्ध आहे. मार्च १९११ मध्यें अमेरिकन सैन्यानें नव्या पिस्तुलाची निवड करण्यासाठीं कोल्ट आणि सॅव्हेज या दोन कंपन्यांच्या पिस्तुलांची अखेरची परीक्षा घेतली. प्रत्येकीतून ६,००० बार काढावयाचे होते. शंभर बार झाले कीं थोडी विश्रांति, हजार झाले कीं साफसफाई व तेलपाणी, आणि पुन्हां बार. सॅव्हेजचें पिस्तूल ३७ वेळां अडलें. कोल्टचें एकदांहि नाहीं. त्यानंतर मुद्दाम बिघडविलेलीं काडतुसें, कांहीं गंजविलेलीं, कांहीं वेडींवांकडीं, अशींहि घालून पाहिलीं. पिस्तुलाला वाळू व चिखलहि चारला. त्या महिनाअखेर कोल्टचें पिस्तूल सैन्यांत घेतलें गेलें आणि पाऊणशें वर्षें, म्हणजे १९८५ पर्यंत, तेंच तेथील सैन्याचें मुख्य पिस्तूल होतें.

सहा हजार बार सरकारला परवडतात. गृहस्थाला काय परवडतें? स्वसंरक्षणासाठीं म्हणून विकलीं जाणारीं काडतुसें बहुधा वीस किंवा पंचवीसच्या लहान डब्यांत मिळतात आणि सरावाच्या साध्या काडतुसांहून पुष्कळच महाग असतात. परिणाम असा होतो कीं मनुष्य सराव करतो स्वस्त काडतुसांनीं, आणि उशाशीं भरून ठेवतो तीं महागडीं, ज्यांतील एकहि त्याच्या पिस्तुलांतून कधीं गेलेलें नसतें. लग्नाच्या पंगतीसाठीं एका तांदळाचा भात रांधून पाहावा आणि कोठींतून काढतांना दुसऱ्याच तांदळाचें पोतें काढावें, तशांतला हा प्रकार. कोणी अधिक सावध असला तर एक डबा उडवून पाहतो. एकहि अडलें नाहीं म्हणजे त्याचें समाधान होतें. तें समाधान कितपत खरें, हें पाहण्यास थोडें अंकगणित लागतें. पण तें मॅट्रिकच्या मुलालाहि कळण्यासारखें आहे.

असें समजा कीं एका विशिष्ट पिस्तुलांत एका विशिष्ट प्रकारचें काडतूस शंभरांत एक या प्रमाणांत दगा देतें. घरच्या माणसाला हें प्रमाण ठाऊक नाहीं. तो दहा काडतुसें उडवून पाहतो. दहाचीं दहा बिनचूक उडण्याचा संभव शेंकडा नव्वद आहे. म्हणजे दोष असूनहि दहांच्या परीक्षेंत तो बहुधा दिसणारच नाहीं. पन्नास उडविलीं तरी दोष लपून राहण्याचा संभव शेंकडा साठ उरतो. दोनशें उडविलीं तर तो शेंकडा तेरावर येतो, आणि तीनशें उडवावीं तेव्हां कोठें पांचांवर. यावरून गणितज्ञांनीं एक सोयीचा आडाखा बसविलेला आहे. जितके बार एकहि चूक न होतां निघाले, त्या संख्येनें तीनला भागावें. खरें दगा देण्याचें प्रमाण त्या भागाकाराहून मोठें नसावें असें शेंकडा पंचाण्णव खात्रीनें म्हणतां येतें. तीनशें बिनचूक बारांचा अर्थ ‘कधींच दगा देणार नाहीं’ असा नव्हे, तर ‘शंभरांत एकाहून अधिक वेळां बहुधा देणार नाहीं’ एवढाच आहे. दोनशेंचा अर्थ शंभरांत दीड. हजारांत एक एवढा भरंवसा हवा असेल तर तीन हजार बार हवेत. कोल्टच्या त्या सहा हजारांनीं सिद्ध झालें तें दोन हजारांत एक, इतकेंच.

शंभरांत एक ही चूक ऐकावयास क्षुल्लक वाटते. पण पंधरा काडतुसें भरलेल्या पेटींत निदान एक तरी दगलबाज असण्याचा संभव त्या हिशेबानें जवळजवळ सातांत एक पडतो.

या हिशेबांत माणसाचें मन एक लबाडी करतें, आणि ती तोफखान्याच्या अधिकाऱ्यापासून घरच्या माणसापर्यंत सर्वांना सारखीच लागू आहे. एकशें ऐंशी बार बिनबोभाट गेले आणि एकशें एक्याऐंशीवा अडला, कीं मन लगेच म्हणूं लागतें, ‘तेव्हां हात जरा सैल होता’, ‘ती पेटी जुनी होती’, ‘तेल घालावयाचें राहिलें होतें’. कारण खरेंहि असेल. पेटी खरोखरच वांकलेली असेल तर ती बदलावी. परंतु मग मोजणी एकशें एक्याऐंशीपासून पुढें चालवितां येत नाहीं. पाटी पुसून पुन्हां एकापासून सुरुवात करावी लागते, कारण आतां परीक्षेला बसलेली जोडीच नवी आहे. हा नियम फार थोडे पाळतात. काडतुसें महाग असतात, आणि आपण निवडलेली वस्तु वाईट निघाली हें कबूल करणें त्याहूनहि महाग पडतें.

इतके बार काढणें खर्चाचें, मग कमी बारांत निर्णय लागणार नाहीं काय, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या आरमारालाहि पडला होता. १९४३ च्या आरंभीं आरमाराच्या दारूगोळा खात्यांतील कॅप्टन स्कायलर यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील संख्याशास्त्रज्ञांनीं एका चांचणीसाठीं हजारों बारांचा आंकडा सांगितला. त्यावर ते म्हणाले कीं, पहिल्या कांहीं शेंकड्यांतच अनुभवी अधिकाऱ्याला कळून चुकतें कीं पुढचे बार व्यर्थ आहेत. तसा एकादा यांत्रिक नियम देतां येईल तर बरें. ॲलन वॉलिस आणि मिल्टन फ्रीडमन या दोघांनीं तो धागा पकडला आणि आब्राहाम वाल्ड या त्यांच्या सहकाऱ्यापुढें ठेविला. वाल्डनें त्यांतून एक नवेंच शास्त्र उभें केलें. किती बार काढावयाचे हें आधीं ठरवूं नये; प्रत्येक बारानंतर हिशेब मांडावा, आणि माल घ्यावा, नाकारावा, किंवा आणखी एक बार काढावा, या तिहींतून एक निर्णय करावा. या रीतीनें कित्येकदां निम्म्या बारांतच काम भागतें. युद्ध चालू असेपर्यंत ही रीत गुप्त राखण्यांत आली होती, यावरून तिचें मोल कळेल. हाच वाल्ड १९५० च्या अखेरीस व्याख्यानांसाठीं हिंदुस्थानांत आला असतां, १३ डिसेंबर रोजीं नीलगिरीच्या डोंगरांत झालेल्या विमानअपघातांत पत्नीसह मरण पावला. काडतुसाच्या एका प्रश्नांतून निघालेली त्याची पद्धत आज औषधांच्या चांचण्यांतहि वापरली जाते.

अर्थात् सगळें ओझें गिऱ्हाइकावर नसतें. कारखान्यांत काडतुसें ठराविक संख्येच्या गटागटांनीं तयार होतात, प्रत्येक गटाला क्रमांक असतो, आणि गटांतून थोडीं उचलून त्यांचा दाब व वेग मोजून पाहतात. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून असा दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. शितावरून भाताची परीक्षा ती हीच. ती खरी ठरते तिचें कारण एका पातेल्यांतील भात एकाच आंचेवर शिजलेला असतो. तसेंच एका गटांतील काडतुसें एकाच टोपीच्या, एकाच दारूच्या, एकाच यंत्राच्या हातचीं असतात. म्हणूनच ज्याला घरीं परीक्षा घ्यावयाची त्यानें उडविण्याचीं आणि राखून ठेवण्याचीं काडतुसें एकाच क्रमांकाच्या गटांतील घ्यावीं. निरनिराळ्या वेळीं, निरनिराळ्या दुकानांतून घेतलेल्या डब्यांवरचें नांव तेंच असलें तरी पातेलें निराळें असूं शकतें.

न उडवितां करावयाच्या कांहीं परीक्षाहि आहेत, आणि त्यांना पैसा पडत नाहीं. प्रत्येक काडतूस उजेडांत धरून पाहावें. टोपी बुडाच्या पातळीहून वर आलेली नसावी, उलटी बसलेली तर नसावीच; पितळेला चीर किंवा पोचा नसावा; गोळी इतरांच्या मानानें आंत दबलेली नसावी. पिस्तुलाची नळी सुटी करून तिच्या कोठ्यांत काडतूस सोडलें असतां तें आपल्या वजनानें खटकन् आंत जाऊन बसावें आणि उलटें धरतांच बाहेर पडावें. एवढ्यानें टोपीच्या पोटांतलें कांहीं कळत नाहीं हें खरें. परंतु दिसण्यासारखे दोष तरी आधींच बाजूस निघतात.

सांठवणीचेहि दोष असतात. काडतुसें चामड्याच्या पट्ट्यांतील घरांत वर्षानुवर्षें ठेवलीं तर कातडें कमावतांना लागलेल्या द्रव्यांनीं पितळेवर हिरवट कळक चढतो आणि तीं कोठ्यांत अडकतात. पिस्तुलाला प्रेमानें पाजलेलें तेल झिरपत टोपीपर्यंत गेलें तर मिश्रण निकामी होण्याची भीति असते. आणि एक दोष तर अति काळजींतूनच उत्पन्न होतो. पुष्कळ लोक रोज रात्रीं पिस्तूल रिकामें करतात, सकाळीं पुन्हां भरतात, आणि दर वेळीं पेटीच्या वरचें तेंच काडतूस कोठ्यांत जातें. उतरणीवर नाक आपटून आपटून त्याची गोळी हळूहळू आंत दबते. दारूची जागा कमी होते आणि बाराचा दाब धोक्याच्या मर्यादेकडे जाऊं लागतो. याहून वाईट प्रकार २०११ सालीं जॉर्जिया संस्थानांतील एका पोलिसखात्यांत उघडकीस आला. ऐन प्राणसंकटांत एका अधिकाऱ्याच्या पिस्तुलाचा बार झाला नाहीं. शिकवणीप्रमाणें त्यानें अडलेलें पिस्तूल झटपट मोकळें केलें म्हणून तो बचावला. काडतूस तपासतां खिळीचा आघात पुरेशा जोराचा होता असें दिसलें. मात्र तेंच तें काडतूस वारंवार कोठ्यांत घातल्यामुळें टोपींतील मिश्रणच निखळून गेलें होतें. जपून ठेवलेलें काडतूस जपण्यानेंच बिघडलें. तेव्हांपासून त्या खात्यानें आपल्या लोकांस बजावलें कीं एकदां कोठ्यांतून काढलेलें काडतूस पुन्हां पुन्हां त्याच कामीं लावूं नये.

हलक्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्यें याच्या उलट घडतें. बाराच्या धक्क्यानें न उडालेल्या काडतुसांतील गोळ्या पुढें सरकतात, आणि एकादी इतकी बाहेर येते कीं फिरतें चाक फिरेनासें होतें. याची परीक्षा मोठी सोपी आहे. भरण्यापूर्वीं एका काडतुसाची लांबी मोजावी, बाकीचीं उडवावीं, आणि तें न उडविलेलें काढून पुन्हां मोजावें.

येथवर काडतूस उडतें कीं नाहीं याचा विचार झाला. पण उडालेल्या गोळीनें पुढें काय करावयाचें, हा भरंवशाचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो शिकण्यासाठीं अमेरिकेला फार जबर किंमत द्यावी लागली. ११ एप्रिल १९८६ रोजीं फ्लॉरिडांतील मायामीजवळ एफ. बी. आय. या मध्यवर्ती तपासखात्याच्या आठ जणांनीं बँका लुटणाऱ्या दोघां दरोडेखोरांची मोटार अडविली. पांच मिनिटांच्या आंत सुमारें दीडशें बार झडले. ग्रोगन आणि डव्ह हे दोन अधिकारी ठार झाले, पांच जखमी झाले. नंतरच्या तपासांत दिसून आलें कीं प्लॅट नांवाच्या दरोडेखोराला एक नऊ मिलिमीटरची गोळी चकमकीच्या आरंभींच लागली होती. ती त्याच्या दंडांतून आरपार जाऊन छातींत शिरली, फुप्फुस फोडलें, आणि हृदयाच्या अलीकडे सुमारें इंचावर थांबली. ती जखम प्राणघातकच होती. परंतु प्राण जाण्यापूर्वीं त्या मनुष्यानें जें करावयाचें तें सर्व केलें.

दोष गोळीला देण्यांत आला. विचार करतां तो तितकासा न्याय्य वाटत नाहीं. ती गोळी टोपीपासून टोंकापर्यंत अगदीं बिनचूक चालली होती. अंगांत शिरतांच फुगून उथळ व रुंद जखम करावी अशीच तिची घडण होती, आणि तेंच तिनें केलें. चुकली ती कसोटी. उथळपणें फुगणें हाच गुण मानून गोळी निवडली गेली होती. मध्यें दंड आला तर काय, हा प्रश्न कसोटींत घातलाच नव्हता.

तो प्रश्न पुढें घालण्यांत आला. १९८७ सालीं व्हर्जिनियांतील क्वान्टिको येथें त्या खात्यानें शस्त्रवैद्य व तज्ज्ञ जमविले. सैन्यांतील शस्त्रवैद्य मार्टिन फॅक्लर यानें जखमांच्या अभ्यासासाठीं जिलेटिनचा ठोकळा वापरण्याची रीत शास्त्रशुद्ध करून ठेविली होती. दहा टक्के जिलेटिन, थंड करून चार अंश सेल्सिअसवर आणलेलें. त्यांत गोळी जितकी खोल जाते तितकीच ती स्नायूंत जाते असें त्यानें ताडून पाहिलें होतें. ठोकळा बरोबर झाला कीं नाहीं याचीहि परीक्षा असते. पोलादाचा एक छोटा छर्रा ठराविक वेगानें त्यांत सोडतात. तो साडेआठ सेंटिमीटरांच्या आसपास थांबला तरच ठोकळा कामाचा, नाहीं तर दुसरा करावयाचा. परीक्षकाची परीक्षा घेण्याची ही पद्धत शाळाखात्यानेंहि उचलण्यासारखी आहे! क्वान्टिकोच्या आरंभींच्या कसोटींत आठ प्रकार होते. उघडा ठोकळा, जाड कपड्यांआड, पत्र्याआड, भिंतीच्या फळीआड, लांकडाआड, मोटारीच्या कांचेआड, आणि यांपैकीं दोन अधिक अंतरावरून. प्रत्येकीं पांच बार. गोळी बारा इंचांहून कमी जाऊं नये, आणि अठराहून अधिक जाऊं नये.

वरची मर्यादा विसरून चालत नाहीं. जास्त खोल जाणारी गोळी शरीराच्या पार होऊन पलीकडे जाते, आणि पलीकडे कोण उभें आहे हें तिला कळत नसतें. घरांत तर भिंतीपलीकडे मुलें निजलेलीं असतात. टोंकाला पोकळी असलेली, अंगांत फुगणारी गोळी नागरी पोलिसांनीं पत्करली ती याच कारणास्तव. अशा फुगणाऱ्या गोळ्यांचा बोभाटा प्रथम झाला तो कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यामुळें. १८९९ सालीं हेगच्या परिषदेंत युद्धांत त्या न वापरण्याची घोषणा झाली, परंतु पोलिसांना व गृहस्थांना ती लागू नाहीं. न्यूयॉर्कच्या पोलिसांनीं १९९८ मध्यें अशा गोळ्या स्वीकारल्या तेव्हां पुष्कळ वादळ उठलें. पार जाणाऱ्या गोळ्यांनीं वाटसरू जखमी होत, हें त्यांचें मुख्य उत्तर होतें.

मौज अशी कीं या दोन कसोट्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. टोंकाची पोकळी जितकी रुंद तितकी गोळी फुगावयास सोपी, आणि तितकीच ती पिस्तुलाच्या उतरणीवर अडखळावयासहि सोपी. गुळगुळीत गोल नाकाची गोळी बिनबोभाट कोठ्यांत शिरते, पण पार निघून जाते. शिवाय क्वान्टिकोच्या आठही प्रकारांचे मिळून चाळीसच बार होतात. गोळी अंगांत काय करते हें सांगण्यास ते पुरेसे आहेत, हजारांत एक फुसकें निघतें काय हें सांगण्यास मुळींच नाहींत. डब्यावर ‘कसोटीस उतरलेलें’ असें छापलेलें वाचून जो निश्चिंत होतो, त्यानें पहिल्या अर्ध्या भागाचें उत्तर दुसऱ्या अर्ध्या भागाला लावलेलें असतें. जिलेटिनची कसोटी घरीं करण्याची आवश्यकता नाहीं, कारण ती गोळीची आहे आणि दुसऱ्यानें एकदां केली म्हणजे भागतें. पिस्तुलांतून बिनचूक जाण्याची कसोटी मात्र ज्याची त्यानेंच घ्यावी लागते. तेवढें तें एक पिस्तूल जगांत दुसऱ्या कोणापाशीं नसतें.

हिंदुस्थानांतील परवानेदाराची अडचण याहून निराळी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं मिळणाऱ्या परवान्यावर किती काडतुसें घ्यावयाचीं याची मर्यादा लिहिलेली असते. दोनशेंची परीक्षा त्याच्या आवांक्याबाहेरची. त्याला उरतें तें डोळ्यांनीं पारखणें, कोरड्या जागीं ठेवणें, आणि जुनीं होण्यापूर्वीं बदलणें. बदलण्याच्या या कामांतच परीक्षेचीहि सोय होते. अमेरिकेंतील कित्येक पोलिसखातीं वर्षभर अधिकाऱ्याच्या कमरेला राहिलेलीं काडतुसें फेंकून देत नाहींत. ठरलेल्या दिवशीं तीं मैदानावर त्याच पिस्तुलांतून, त्याच पेटींतून उडवितात आणि नवीं भरतात. ऊन, घाम, पाऊस आणि धक्के सोसलेलींच काडतुसें अशा रीतीनें परीक्षेला बसतात. घरच्या माणसानें हाच क्रम ठेवून एका वहींत तारीख, गटाचा क्रमांक, किती उडविलीं आणि किती अडलीं एवढीं चार घरें मांडलीं, तर पहिल्या वर्षीं तीस, दुसऱ्या वर्षीं साठ, असा आंकडा चढत जातो. आणि तीनला त्या आंकड्यानें भागून आपला भरंवसा आज कितीवर आला आहे, हें त्याला दर वर्षीं समासांत लिहून ठेवतां येतें.